सोपुबिया कुंडीत का मरते आणि कशी जगते

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पावसाळा सरता सरता इंदूरजवळच्या जानापाव टेकडीच्या उतारावर, गवतात, तुम्हाला कॉसमॉससारख्या बारीक पानांची आणि गुलाबी-जांभळ्या फुलांची झाडं दिसली. दोन रोपं मातीच्या गोळ्यासकट इंदूरला आणली, चांगलं खत घातलेल्या कुंडीत लावली, पाणी दिलं, तरी दोन-तीन दिवसांत त्यांनी माना टाकल्या. नंतर पुन्हा गेलात तेव्हा सुकलेल्या बोंडांतलं चिमूटभर बी पुडीत बांधून आणलंत. शेजारच्या आजोबांनी मात्र ‘हा ज्वारी खाणारा टारफुला आहे, घरात ठेवू नका’ असं बजावलंय. हे नक्की काय आहे, गच्चीवर फुलवता येईल का, की त्यापेक्षा परदेशी पेंटब्रशचं बी मागवावं, असं तुम्ही विचारलंय.

फोटो स्पष्ट आहेत, त्यामुळे ओळखीबद्दल शंका नाही. ही सोपुबिया डेल्फिनिफोलिया. महाराष्ट्रात तिला दुधाळी म्हणतात. आपल्या माळव्यात मुरमाड उतारांवर, जिथे गवत कापलं जातं पण जमीन नांगरली जात नाही, अशा जागी ती ऑगस्टपासून दिसायला लागते. तिचं वागणं समजून घेतल्याशिवाय लागवडीचं काही सांगून उपयोग नाही, कारण तुमची रोपं ज्या कारणाने गेली तेच तिच्या जगण्याचं मर्म आहे. ही अर्धपरजीवी आहे. पानं हिरवी, स्वतःची साखर स्वतः तयार करते. पण पाणी आणि क्षार मात्र शेजारच्या गवताच्या मुळांतून ओढून घेते. आंब्यावरचं बांडगूळही असंच अर्धपरजीवी, फक्त ते फांदीत घुसतं आणि ही जमिनीखाली मुळांत. अमरवेलीची गोष्ट वेगळी, तिला पानंच नसतात आणि ती जवळजवळ सगळंच दुसऱ्याकडून घेते.

म्हणजे तुम्ही रोप आणलंत, पण त्याचा नळ तिथेच जानापावला राहिला.

त्यात आणखी एक अडचण. या कुळातल्या बऱ्याच वनस्पती पानांतून पाणी फार वेगाने सोडतात, काहींची पर्णरंध्रं रात्रीही पुरती मिटत नाहीत. त्यांना ते करावंच लागतं. गवताच्या मुळातलं पाणी गवताच्या पानांकडे न जाता आपल्याकडे यावं, यासाठी आपल्या बाजूची ओढ जास्त हवी. जोडणी शाबूत असते तोवर ही ओढ कामाची. जोडणी तुटली की तीच जिवावर उठते, कारण पाणी जातंय भरभर आणि येत नाहीये कुठूनच. वरून कितीही पाणी घाला, तिची स्वतःची मुळं थोडी आणि नाजूक असतात, तेवढं पाणी ती खेचू शकत नाहीत. म्हणून या झाडाच्या बाबतीत ‘मोठा गोळा घेऊन काढलं होतं हो’ याला अर्थ उरत नाही. गोळ्यातलं गवतसुद्धा उपटण्याच्या धक्क्यात असतं, आणि जोडलेली मुळं तर गोळ्याच्या बाहेर कुठवर गेलेली असतात.

ती वाळलेली रोपं टाकून दिली नसतील तर एक गोष्ट जरूर करून बघा. मातीचा गोळा रात्रभर बादलीत भिजत ठेवा. सकाळी हाताने न चोळता, पाण्यातच हलवून माती सुटू द्या आणि उरलेली मुळं पांढऱ्या ताटलीत पाण्यावर पसरा. सोपुबियाची मुळं बारीक आणि फिकट, गवताची जरा चिवट आणि लांब. जिथे दोन्ही एकमेकांना टेकलेली दिसतील तिथे भिंगातून पाहा: खसखशीच्या दाण्यापासून मोहरीएवढ्या पांढुरक्या गाठी, गवताच्या मुळाला एका बाजूने चिकटून बसलेल्या. चिमट्याने हळूच ओढलं तर गाठ सुटून येत नाही, मूळच तुटतं. हेच चूषक मूळ. त्याच्या आतून एक खुंटी गवताच्या मुळात शिरून थेट जलवाहिनीला जाऊन मिळालेली असते. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की माळावर खुरपं चालवायला हात धजत नाही. वाचून जे पटत नाही ते त्या ताटलीत पटतं, असा माझा अनुभव आहे.

आता आजोबांच्या टारफुल्याकडे येतो. त्यांचं म्हणणं निराधार नाही. टारफुला म्हणजे स्ट्रायगा, ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण, आणि सोपुबिया त्याच कुळातली, ओरोबँकेसी. पूर्वी दोघीही स्क्रोफ्युलॅरिएसी कुळात होत्या. पुढे डीएनएच्या अभ्यासावरून मुळांवर जगणारी ही सगळी मंडळी एका कुळात आली. त्यामुळे जुन्या वनस्पतिकोशांत आणि नव्या यादीत कूळ वेगवेगळं दिसलं तर गोंधळू नका. ज्यांनी ज्वारीचं शेत पाहिलंय त्यांना टारफुल्याची धास्ती असणं साहजिक आहे. एक झाड हजारोंनी बी टाकतं, बी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही नसतं, आणि जमिनीत दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहतं. झाड वर दिसायच्या आधी कित्येक आठवडे ते जमिनीखाली ज्वारीला लागलेलं असतं, म्हणजे दिसेपर्यंत नुकसान होऊन चुकलेलं असतं. 1956 मध्ये अमेरिकेत कॅरोलायना भागातल्या मक्यात हे तण सापडलं, तेव्हा तिथल्या सरकारला त्याच्या उच्चाटनासाठी मोहीमच उघडावी लागली.

पण दोन्ही झाडं शेजारी ठेवली तर चुकायला जागा नाही. टारफुला वीतभर, फार तर दोन वीत. पानं अरुंद, साधी, हाताला खरखरीत. फूल लहान, दांड्याला चिकटून बसलेलं, आपल्याकडे बहुधा पांढरं, आणि फुलाची नळी मध्येच कोपरासारखी वाकलेली. ही वाकलेली नळी स्ट्रायगाची पक्की खूण. कुठली स्ट्रायगा हे ठरवायचं असेल तर फुलाखालच्या निदलपुंजावरच्या उभ्या शिरा भिंगातून मोजायच्या: डेन्सिफ्लोराला पाच, एशियाटिकाला दहा, अँगस्टिफोलियाला पंधरा. आमच्या पिढीतल्या लोकांना हे मोजायची सवय होती, कारण ज्वारी सगळीकडे होती. 1970 नंतर माळव्यात सोयाबीन आलं, ज्वारीचे पट्टे आक्रसले, आणि आता इंदूरच्या आसपास वाढलेल्या मुलांनी टारफुला पाहिलेलाच नसतो.

सोपुबिया याउलट दीड-दोन फूट, कधी त्याहून उंच. पानं समोरासमोर, शेपूसारखी दोऱ्यादोऱ्यांत चिरलेली. फूल इंचभर रुंद, उघड्या घंटेसारखं, पाच गोल पाकळ्या, नळी सरळ. आत डोकावलं तर चार पुंकेसर, दोन लांब आणि दोन आखूड. हे लक्षण कॉसमॉसपासूनही तिला वेगळं काढतं. कॉसमॉसचं ‘फूल’ म्हणजे अनेक फुलांचा गुच्छ, मधे पिवळी टिकली. इथे एकेक फूल सुटं, पानाच्या बगलेत. रानतिळाशी मात्र नवख्याची गल्लत होते. गुलाबी घंटा त्यालाही असते, पण त्याचं फूल खाली झुकलेलं असतं आणि बोंड लांबट, चौधारी असतं. निळवंतीची पानंही चिरलेली असतात, तिच्या फुलाला मागे शेपटी असते, ती पाहिली की प्रश्न मिटतो. आणखी एक खूण वहीत पान दाबणाऱ्यांसाठी: सोपुबियाची डहाळी वाळली की काळपट पडते. या कुळात ते नेहमीचं आहे.

आजोबांना एवढं सांगा की हा टारफुला नाही, पण त्यांची काळजी अगदीच वावगीही नाही. सोपुबिया ज्वारीच्या आणि कपाशीच्या मुळांनाही लागू शकते. टारफुल्याइतकी ती शेताचं वाटोळं करत नाही, तरीही कुणाच्या बांधावर, शेताच्या कडेला तिचं बी टाकू नये. गच्चीवरच्या कुंडीत काही धोका नाही. आणि तुमच्या पुडीतलं बी सोपुबियाचंच आहे याची खात्री त्या झाडाच्या फोटोवरून होतेय म्हणून मी पेरा म्हणतोय. फुलाशिवाय, नुसत्या सुक्या काड्यांवरून गोळा केलेलं असं बारीक बी कुणी दिलं तर ते पेरू नका.

लागवडीची सुरुवात बियांपासून नाही, गवतापासून करायची. चंदनाची रोपं करणाऱ्या कुठल्याही रोपवाटिकेत जाऊन बघा, चंदनाच्या प्रत्येक पिशवीत एक दुसरं रोप असतं, बहुधा तुरीचं. चंदनही अर्धपरजीवी आहे, त्याला लहानपणापासून यजमान लागतो, आणि तो दिला नाही तर रोप पिवळं पडून खुंटतं. मी चंदनाचीच रोपं वाढवत आलोय, आणि सोपुबियाला हाताळायचं ते त्याच अंगाने: आधी यजमान तयार, मग पाहुणा. फरक इतकाच की सोपुबियाला तूर नको, गवत हवं.

कोणतं गवत, यावर सगळं अवलंबून आहे. मारवेल उत्तम. ठोंब करून वाढतं, ठोंबांच्या मधे मोकळी जमीन राहते, कापलेलं सोसतं. पवना मिळाला तर तोही चालेल, त्या उतारांवर तोच तिचा सोबती असतो. कुसळीही चालते, पण तिची कुसं कपड्यांत आणि मांजराच्या अंगात अडकतात, गच्चीवर नको. हरळी घेऊ नका. हरळी जमिनीवर चटई विणते आणि त्या चटईत सोपुबियाच्या कोवळ्या रोपाला ऊन मिळत नाही; लॉनच्या गवताचंही तेच. मारवेलचे ठोंब तुम्हाला गुरं पाळणाऱ्या कुणाकडेही, चाऱ्याच्या बांधावर मिळतील.

कुंडी रुंद घ्या, चौदा-पंधरा इंच तोंडाची, खाली भरपूर भोकं असलेली. मातीचीच घ्या, प्लॅस्टिकची गच्चीवर मे महिन्यात तापून मुळं शिजतात. भरताना अर्धा मुरूम, उरलेल्यात काळी माती आणि जाड वाळू. नुसती काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हात भेगाळते, त्या भेगांत मुळं तुटतात. माळावर तिला बेसॉल्टच्या दगडावर हाताच्या बोटांएवढा मातीचा थर मिळतो, तेवढ्यात ती भागवते.

आता खत. हा मुद्दा इंदूरकरांना पटवायला जड जातो, म्हणून जरा थांबतो. आपल्या गावाचं नाव जगभरच्या शेतकी पुस्तकांत आहे ते कंपोस्टमुळे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी 1924 मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली आणि तिथे बसवलेली खत करायची रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. आज घरोघरी ओल्या कचऱ्याचं खत होतं, ते कुंडीत घालणं ही आपली सवयच झालीय, आणि ती चांगली सवय आहे. पण या एका कुंडीत खत नको. खतावर गवत माजतं, उंच होतं, आणि सोपुबियाचं दोन-चार पानांचं रोप त्याच्या सावलीत गुदमरतं. हिरवी पानं स्वतःची साखर स्वतः करतात म्हणजे त्यांना पूर्ण ऊन लागणारच. शिवाय खत घातलेल्या जागी गवत वरचढ आणि अर्धपरजीवी दुबळी, असंच जगभरच्या कुरणांत दिसतं. तुमच्या पहिल्या दोन रोपांना खताने मारलं नाही, ती तशीही गेली असती, पण पुढच्या वेळी खताचा मोह टाळा.

जमिनीखालच्या या व्यवहाराचं रसायनही मोठं विलक्षण आहे. 1966 मध्ये कपाशीच्या मुळांतून पाझरणाऱ्या रसातून एक पदार्थ वेगळा केला गेला, ज्याच्या अत्यल्प मात्रेने टारफुल्याचं बी जागं होतं. त्याला नाव दिलं स्ट्रिगॉल. पण झाड स्वतःच्या शत्रूला साद का घालेल? याचं उत्तर मिळायला 2005 साल उजाडलं. स्ट्रिगॉलच्या घराण्यातले पदार्थ मुळं सोडतात ते मित्र बुरशीला बोलावण्यासाठी, जी झाडाला फॉस्फरस आणून देते. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. जमिनीत फॉस्फरस कमी तितकी हाक मोठी. म्हणून हलक्या, उपाशी जमिनीतच टारफुल्याचा त्रास जास्त. 2008 मध्ये कळलं की हेच पदार्थ झाडाच्या आत संप्रेरकाचंही काम करतात, फांद्या किती फुटाव्यात ते ठरवतात. एका तणाचा पाठलाग करता करता वनस्पतींचं एक संपूर्ण संप्रेरक हाती लागलं. माळावरच्या या ‘निरुपयोगी’ झाडांकडे मी प्रेमाने बघतो त्यामागे हेही एक कारण आहे.

पेरणीकडे वळतो. मारवेलचे तीन ठोंब कुंडीत त्रिकोणात लावा, मधली जागा रिकामी ठेवा. ठोंब आत्ताच लावले तरी चालेल, उन्हाळ्यापर्यंत मुळं कुंडीभर पसरली पाहिजेत. बी तोवर कागदाच्या पुडीतच, कोरड्या डब्यात, सावलीत. फ्रीजची गरज नाही. निसर्गात ते बोंडातून पडून थंडी-उन्हाळा कोरड्या जमिनीवरच काढतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात गवत चार बोटं ठेवून कापा, वाळलेला पाचोळा काढून टाका आणि मधली माती बोटांनी अगदी वरच्यावर खरवडा. बी इतकं बारीक आहे की नुसतं टाकलं तर एकाच जागी पडेल, म्हणून मूठभर चाळलेल्या वाळूत मिसळा आणि रांगोळी भुरभुरावी तसं पसरा. ठोंबांच्या बुडाशी जास्त, मधे थोडं. वरून माती टाकू नका. तळहाताने दाबा, बस. सगळं बी एका वर्षी संपवू नका, अर्धं राखून ठेवा. पहिल्या पावसानंतर उघडीप पडली तर कुंडी खालून, थाळीत पाणी ठेवून ओली राखा. झारीच्या धारेने हे बी वाहून जातं.

उगवण दिसली की पहिले काही आठवडे रोपं जागची हलत नाहीत. धीर सोडू नका आणि उकरून बघू नका. त्या काळात वर काही घडत नसलं तरी खाली मूळ गवताचं मूळ शोधत असतं. जोडणी झाली की चित्र पालटतं, रोप अचानक उठतं, आणि त्याच्या लगतचं गवत जरा पिवळट, बुटकं दिसायला लागतं. हे लक्षण शुभ समजा. दरम्यान तुमचं काम एकच: कात्रीने गवत आखूड ठेवणं, म्हणजे रोपांच्या डोक्यावर ऊन राहील. मात्र बुडापासून कापू नका. गवतच खचलं तर त्याच्यावर जगणारीही खचेल. रोपं दाट उगवली तर उपटून दुसऱ्या कुंडीत लावायचा विचारही नको. जास्तीची कात्रीने जमिनीलगत छाटा, कुंडीत चार-पाच राखा.

जुलैत गवताने जोर धरला आणि रोपं पिवळी दिसली तर त्याचा अर्थ खत कमी पडलं असा घेऊ नका. बहुतेक वेळा ऊन कमी पडलेलं असतं किंवा कुंडीचं भोक बुजून पाणी साचलेलं असतं. कुंडी विटांवर ठेवा. सगळं जमलं तर गणपती-नवरात्राच्या दरम्यान फुलं धरतील.

बी गोळा करण्याबद्दल दोन शब्द. तुम्ही दोन झाडं उपटलीत, त्याबद्दल रागावत नाही, तेव्हा माहीत नव्हतं. पण ही एकाच हंगामाची वनस्पती आहे. बोंड धरायच्या आत उपटलेलं झाड म्हणजे त्या जागचं पुढच्या वर्षीचं बी गेलं. पाच-सहा झाडांवरून एकेक-दोनदोन पिकलेली बोंडं घेतली तर माळाला ते जाणवतही नाही. राळामंडळसारख्या अभयारण्यातून मात्र एक काडीही आणायची नाही, तिथे कायदा आहे. आणि माळरानाला ‘उजाड जागा’ समजून जिथे तिथे खड्डे खणून झाडं लावायची जी हौस आहे, तिने सोपुबियासारख्या वनस्पतींचं जितकं नुकसान होतं तितकं गुरांनी कधी केलं नाही. गवत हटलं की ती गेली. सावली पडली की ती गेली. तुमच्या मंडळातले लोक पावसाळ्यात वृक्षारोपणाला त्या उतारांवर जाणार असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

पेंटब्रशचं बी मागवू नका. पेंटब्रश म्हणजे उत्तर अमेरिकेतली कॅस्टिलेजा. तिच्या अनेक जातींना आणि ऱ्हायनॅन्थस या युरोपातल्या अशाच अर्धपरजीवीला उगवण्याआधी कित्येक आठवडे ओली, गारठ्याची थंडी लागते. ऱ्हायनॅन्थसचं बी तर वर्षभरात उगवणशक्ती गमावतं. युरोपात माजलेलं गवत आटोक्यात आणून कुरणात रानफुलांना जागा करून देण्यासाठी ते मुद्दाम पेरतात, तिथे ते शोभतं. इंदूरच्या गच्चीवर ते उगवणार नाही. शिवाय 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसलेलं परदेशी बी आणता येत नाही, आणि मुळांवर जगणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत तर हा नियम तंतोतंत पाळायलाच हवा.

फुलं येऊन गेली की झाडं लगेच काढू नका. नोव्हेंबरात बोंडं तपकिरी होऊन टोकाला फाटतात; थोडी कापून पुडीत घ्या आणि पुडीवर ‘जानापाव’ आणि वर्ष लिहा, बाकीची कुंडीतच झडू द्या. हिवाळ्यात वाळलेल्या काड्या कापून टाका, मारवेलला आठवड्यातून एकदा पाणी पुरे. दुसऱ्या मेमध्ये गवत पुन्हा चार बोटांवर आणा, राखलेलं अर्धं बी त्यावर भुरभुरा. दर दोन-तीन वर्षांनी एखादा ठोंब थकलेला दिसला तर तेवढाच बदला, आणि तो मार्चमध्ये बदला, रोपं उगवायच्या पुष्कळ आधी.